कर्ज घराचें, फेडहि घराची

पाडवा जवळ आला कीं आपल्या नागपूर भागांत हिशेबाचे दिवस येतात. कापसाचा शेवटचा वेचा घरीं आलेला असतो, तूर खळ्यावरून बाजारांत जाते, मृगाचा संत्रा उतरतो, सालदाराचें साल पुरें होतें. त्याच सुमारास सेवा सहकारी संस्थेच्या गटसचिवाचा निरोप येतो, कृषि केंद्रवाला उधारीची वही उघडतो, आणि ज्याच्याकडून हातउसने घेतले तो सोयराहि सहज आल्यासारखें करून ओसरीवर टेकतो. घरचा कर्ता पुरुष एकेकास उत्तर देत असतो. आंत असलेल्या त्याच्या पत्नीस बाहेरचें बोलणें अर्धेंमुर्धें ऐकूं येतें. मुलांस तेवढेंहि येत नाहीं. घेणेकरी निघून गेल्यावर ती विचारते, "कोण आला होता?" उत्तर मिळतें, "कोणी नाहीं, असाच एक जण."

या उत्तराविषयींच आज आम्हांस लिहावयाचें आहे. कर्ज कां होतें, सरकारनें काय करावें, मालास भाव कसा मिळावा, हे प्रश्न आम्हीं सोडलेले नाहींत व सोडणारहि नाहीं. परंतु कर्ज होऊन बसलें आहे, तें फेडल्यावांचून गत्यंतर नाहीं, त्यासाठीं घरानें पोटास चिमटा घ्यावयाचा आहे, अशी वेळ आली म्हणजे तो चिमटा कोणाच्या पोटास, किती दिवस व कोणाच्या संमतीनें, हा प्रश्न उभा राहतो. आणि त्याचा विचार आपल्यांत फार थोडा होतो. आमचें मत असें कीं, कर्ज एकाच्या नांवावर असलें तरी त्याचें व्याज सारें घर भरतें. म्हणून त्याचा आकडा साऱ्या घरास ठाऊक असला पाहिजे, त्याग साऱ्या घरानें ठरवून केला पाहिजे, आणि त्याचा आरंभ कर्त्यानें स्वतःपासून केला पाहिजे. जो त्याग न विचारतां बायकामुलांवर लादला जातो त्यानें कर्ज फिटत नाहीं. फक्त घर आंतून पोकळ होतें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. काटकसरीची गोष्ट निघाली कीं शहरांतील शहाणे लोक लगेच म्हणतात, शेतकरी लग्नांत उधळतो म्हणून बुडतो. हें म्हणणें खरें नाहीं, आणि तें खरें नसल्याचें प्रमाण दीडशें वर्षांपूर्वींचें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाचे भाव चढले व सावकारांनीं पैसा मोकळा सोडला. युद्ध संपलें, भाव उतरले, कर्ज मात्र राहिलें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा उठाव झाला, आणि मग गांवोगांव सावकारांचे रोखे व कर्जखतें जाळण्यांत आलीं. त्या दंग्यांच्या चौकशीस नेमलेल्या कमिशननें स्पष्ट लिहिलें कीं, कर्जाचें कारण म्हणून लग्नखर्चास वाजवीपेक्षां फार मोठें स्थान दिलें गेलें आहे. पोटाचें धान्य, बी, बैल व सरकारी सारा यांसाठीं वरचेवर काढावीं लागणारीं लहान लहान कर्जेंच शेतकऱ्यास अधिक बुडवितात. आजहि बियाणें, खत, फवारणीचें औषध, मजुरी व दवाखाना यांचाच भार मोठा आहे. त्यांत एका वर्षीं पाऊस चुकला किंवा बोंडअळी पडली कीं हिशेब कोलमडतो. तेव्हां कर्ज झालें म्हणजे घरांत कोणीतरी गुन्हा केला, असें मानण्याचें कारण नाहीं. हें आम्ही मुद्दाम आधीं सांगतों, कारण कर्ज लपविण्याचें मूळ लाजेंत आहे, आणि लाज ही अपराधाच्या भावनेंतून येते.

दुसरी गोष्ट सरकारी उपायांची. ते झालेच नाहींत असें नाहीं. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९३३ सालीं कर्ज लवाद कायदा झाला, त्यामागें डॉ. पंजाबराव देशमुख यांचा पुढाकार होता. पुढें २००६ सालीं पश्चिम विदर्भांतील पांच जिल्हे व वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची पंतप्रधानांची मदत जाहीर झाली. २००८ सालीं केंद्रानें, आणि २०१७ व २०१९ सालीं राज्यानें कर्जमाफी दिली. ऑक्टोबर २०२५ मध्यें याच मागणीसाठीं शेतकऱ्यांनीं नागपूरजवळ वर्धा मार्ग अडवून धरला, व ३० जून २०२६ पर्यंत निर्णय करण्याचें आश्वासन सरकारकडून मिळविलें.

हे उपाय आम्ही तुच्छ मानीत नाहीं. परंतु प्रत्येक माफीस कुंपण असतें, आणि आपल्यांतील कित्येक जण त्या कुंपणाबाहेर राहतात. २००८ च्या माफींत पूर्ण सूट दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यासच होती. त्यावरच्यास आपल्या वांट्याची रक्कम भरल्यावर चतुर्थांश सूट मिळावयाची होती. विदर्भांतील कोरडवाहू शेतकऱ्याची जमीन दोन हेक्टरांहून थोडी अधिक, पण उत्पन्न बागाईतदाराच्या एका एकराइतकेंहि नाहीं; तो त्या मोजपट्टींत बसला नाहीं. शिवाय या माफ्यांचा संबंध बँकेच्या व संस्थेच्या वहींतील कर्जाशीं. खाजगी सावकाराचा कागद, कृषि केंद्राची उधारी व सोयऱ्याचे हातउसने यांस त्यांचा हात पोंचला नाहीं. आणि व्याज जास्त असतें तें नेमकें याच देण्यांवर.

तें किती असतें याचा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहावा. शेंकडा तीन रुपये महिना हा दर तोंडानें सांगतांना लहान वाटतो. परंतु एक लाख रुपयांवर त्याचें व्याज वर्षास ३६,००० रुपये होतें. २०२५-२६ च्या हंगामासाठीं मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ७,७१० रुपये होता. म्हणजे साडेचार क्विंटलांहून अधिक कापूस केवळ व्याजांत गेला, आणि तोहि हमीभाव हातांत पडला तर. व्याज थकून मुद्दलांत मिळत गेलें तर तेच एक लाख तीन वर्षांत अडीच लाखांवर व पांच वर्षांत साडेचार लाखांहून अधिक होतात. उलट, तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडणारास व्याज पडूं नये अशी तजवीज राज्यानें २०२१-२२ पासून केली आहे. एकाच घरांत एक कर्ज बिनव्याजी व दुसरें छत्तीस टक्क्यांचें असतें, आणि घरचा कर्ता मात्र दोहोंस सारख्याच नजरेनें पाहतो; किंबहुना जो दारांत येऊन मोठ्यानें बोलतो त्याचें आधीं देतो.

एक घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. सावकाराचे एक लाख वरील दरानें आहेत. घर वर्षास ३६,००० रुपये भरतें. दहा वर्षांत तीन लाख साठ हजार भरून झाले तरी मुद्दल जेथल्या तेथें. आतां त्याच घरानें मनाचा निग्रह करून वर्षास ६०,००० रुपये काढले, तर पहिल्या वर्षाअखेर मुद्दल ७६,००० राहतें, दुसऱ्या वर्षाअखेर ४३,३६०, आणि तिसऱ्या वर्षीं फिटतें. एकूण भरणा सुमारें १,७८,९७० रुपये. आणि जर त्यानें पहिल्याच दिवशीं कांहीं वस्तु मोडून ४०,००० रुपये मुद्दलांत घातले, व मग वर्षाचे ६०,००० चालू ठेवले, तर दुसऱ्या वर्षाअखेर सारें कर्ज फिटतें व एकूण भरणा सुमारें १,२९,४०० रुपये होतो. म्हणजे आरंभीं सोडलेल्या चाळीस हजारांनीं आणखी सुमारें पन्नास हजार रुपये वांचविले. त्याग लवकर केला तर थोडका पुरतो, उशिरां केला तर पुष्कळहि पुरत नाहीं. परंतु हा हिशेब करण्यास आकडा उघडा असावा लागतो, आणि आपल्या घरांत तोच झांकलेला असतो.

कर्ता कां झांकतो? त्यास वाटतें, घरच्यांस कशास काळजी. पोरें शिकताहेत, म्हातारी आजारी आहे, बायको घाबरेल. हेतु वाईट नाहीं. परिणाम मात्र वाईट होतो. आंत आकडा ठाऊक नसल्यामुळें पत्नी भावाच्या लग्नांत नेहमीप्रमाणें आहेर करते, मुलगा नव्या मोटरसायकलीचा हट्ट धरतो, आणि हा "नाहीं" म्हणूं शकत नाहीं, कारण "नाहीं" म्हणावें तर कारण सांगावें लागतें. मग त्या खर्चासाठीं आणखी एक कर्ज होतें. आकडा वाढतो तशी लाज वाढते, आणि लाज वाढते तसा तो अधिक एकटा पडतो. या एकटेपणाचा शेवट विदर्भानें पाहिला आहे. १९ मार्च १९८६ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांतील चिलगव्हाण येथील एका शेतकऱ्यानें कुटुंबासह जीवन संपविलें. त्या दिवसाची आठवण म्हणून अलीकडे दरवर्षीं १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत अशा किती घरांत शोक झाला तें वाचकांस सांगावयास नको. कित्येक घरीं कोणाचें किती देणें होतें तें पत्नीस कळलें तें घेणेकरी सांत्वनाच्या निमित्तानें दारांत आल्यावर. ज्या स्त्रीस आकडा सांगण्याचें धैर्य झालें नाहीं, त्याच स्त्रीनें पुढें तेंच शेत कसून, तेंच कर्ज फेडून, मुलें मोठीं केल्याचीं उदाहरणें आपल्या प्रत्येक तालुक्यांत आहेत. जें ती एकटी करूं शकली, तें दोघांनीं मिळून झालें नसतें काय? म्हणून आमचें कळकळीचें सांगणें आहे कीं, ओझें असह्य झाल्यास त्याच रात्रीं घरांतील एका तरी माणसापाशीं बोलावें; बोलवत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावें; पण बोलावें.

१९३३ च्या कर्ज लवाद कायद्याची एक गोष्ट येथें आठवते. लवाद मंडळाकडे अर्ज करणाऱ्या शेतकऱ्यास प्रथम आपलीं सर्व देणीं लिहून द्यावीं लागत. एक सांगितलें व दुसरें झांकलें असें चालत नसे. सावकारासहि आपल्या येण्याचा तपशील मुदतींत द्यावा लागे. न दिल्यास तें येणें बुडे. मग उभयतांस समोरासमोर बसवून तडजोड होई व हप्ते ठरत. ती मंडळें आतां नाहींत. परंतु त्यांची पहिली पायरी, म्हणजे सर्व देणीं एका कागदावर मांडणें, ही प्रत्येक घरास आजहि मोकळी आहे. तिला कायदा लागत नाहीं, वकील लागत नाहीं, खर्च लागत नाहीं. लागतें तें फक्त कर्त्याचें तोंड उघडणें.

आतां त्याग कशाचा करावा, याविषयीं. पहिला नियम असा कीं, कर्त्यानें स्वतःचें आधीं सोडावें. आपल्याकडे खर्रा हा खर्चांत कोणी धरीत नाहीं. दिवसास ४० रुपयांचा खर्रा म्हणजे वर्षास १४,६०० रुपये, म्हणजे वर सांगितलेल्या भावानें जवळ जवळ दोन क्विंटल कापूस. चौकांतील चहापाणी, निवडणुकीच्या दिवसांतील मोठेपणा, आणि दारू असेल तर ती, हीं सारीं याच खात्यांतलीं. बाप खर्रा चघळीत मुलीस म्हणूं लागला कीं यंदा वसतिगृहाचे पैसे नाहींत, तर त्या घरांत त्याग होत नाहीं, अन्याय होतो. आणि मुलांस तो समजतो.

दुसरा नियम सणसमारंभांचा. लग्नखर्च हें कर्जाचें मुख्य कारण नव्हे असें आम्ही वर म्हटलें. तें खरेंच आहे. परंतु जें घर आधींच कर्जांत आहे त्यास एकच मोठें लग्न व एकच मोठी तेरवी पांच वर्षें मागें लोटते, हेंहि तितकेंच खरें आहे. येथें आपल्या वऱ्हाडांतीलच एका पुरुषाचें स्मरण होतें. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें १८७६ सालीं जन्मलेले डेबूजी जानोरकर, पुढें ज्यांस जगानें गाडगे महाराज म्हणून ओळखलें, यांचे वडील दारूपायीं लवकर गेले. आईनें लेंकरास घेऊन दापुरें येथें माहेरचा आश्रय घेतला. डेबूजींनीं मामांच्या घरीं गुरें राखलीं, शेत कसलें, आणि कर्जापायीं शेतावर सावकाराची दृष्टि पडते म्हणजे काय होतें तें तरुणपणींच पाहिलें. पुढें स्वतःच्या मुलीच्या बारशास रिवाजाप्रमाणें मांसाची व दारूची पंगत द्यावी असा जातभाईंचा आग्रह होता. त्यांनीं साधें गोड जेवण वाढलें. लोक रागावले, पण रीत मोडली ती मोडलीच. नंतर १९५६ पर्यंत गांवोगांव कीर्तनांतून त्यांनीं हेंच सांगितलें कीं, कर्ज काढून सण करूं नका, दारू पिऊं नका, आणि घरांतलीं भांडीं विकावीं लागलीं तरी मुलांस शाळेंत घाला. सोडावयाचें काय आणि राखावयाचें काय, ही निवड त्यांच्या उपदेशांत स्पष्ट आहे. त्यांनीं भांडीं सोडावयास सांगितलीं, शाळा नव्हे.

यावरूनच तिसरा नियम निघतो. कांहीं गोष्टींस त्यागांतून वगळलें पाहिजे. मुलांची शाळा, आणि विशेषतः मुलीची. कारण काटकसरीची पहिली कात्री तिच्याच शिक्षणावर चालते. लहानांचें दूध, बाळंतिणीचें व म्हाताऱ्यांचें औषध. येत्या हंगामाचें बियाणें, कामाचे बैल, विहिरीची मोट म्हणा किंवा पंप म्हणा, पिकाचा विमा. ज्यानें उद्यांचें उत्पन्न येतें तें विकून आजचें व्याज भरणें म्हणजे विहीर बुजवून रांजण भरणें होय.

दागिन्यांची गोष्ट नाजूक आहे. अडचण आली कीं पहिली दृष्टि घरच्या स्त्रीच्या अंगावरील सोन्याकडे जाते. तें स्त्रीधन आहे. त्यावर तिचा हक्क आहे. तिनें आपण होऊन दिलें तर घ्यावें; पण घेतांना तिचें देणें म्हणून त्याच कागदावर वजनासह लिहावें, आणि बाहेरचें कर्ज फिटतांच तें परत करण्याची मुदत घालावी. हें कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु सोयऱ्याचे पांच हजार आपण लिहून ठेवतों, आणि पत्नीचे चार तोळे लिहीत नाहीं, यांत हास्यास्पद काय आहे याचा विचार करावा. १९८६ सालीं चांदवड येथें शेतकरी महिलांचें मोठें अधिवेशन भरलें, आणि त्यानंतरच्या कांहीं वर्षांत शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या चळवळींत कित्येक शेतकऱ्यांनीं जमिनीचा वांटा पत्नीच्या नांवें केला. जी कर्जाच्या ओझ्यांत बरोबरीची आहे ती सातबाऱ्यावरहि बरोबरीची असावी, हा त्यामागील न्याय आम्हांस मान्य आहे. त्याचप्रमाणें बचत गटांतून तिच्या नांवें पैसा उचलून आपली जुनी उधारी भागविण्याची जी रीत पडत आहे, ती तिला पूर्ण कळवून, व नवें कर्ज जुन्याहून स्वस्त असेल तरच, आचरावी. नाहींतर बैल बदलला आणि ओझें तेंच, असें होतें.

सर्वांत कठीण प्रश्न जमिनीचा. एक तुकडा विकून बाकीची सोडवावी काय? याविषयीं सरसकट सल्ला देण्यास आम्ही धजत नाहीं; काळजाचा तुकडा आहे तो. तरी हिशेब एवढा करावा: त्या तुकड्याचें वर्षाचें निव्वळ उत्पन्न किती, आणि त्याच्या किंमतीनें जें महाग कर्ज फिटेल त्याचें वर्षाचें व्याज किती. व्याज उत्पन्नाच्या दुप्पट तिप्पट असेल, दुसरा मार्ग नसेल, आणि सारें घर एकमत असेल, तर उघड बाजारभावानें एक एकर विकणें हें सावकारास तारणादाखल खरेदीखत लिहून देऊन चार एकर गमावण्यापेक्षां बरें. असें खरेदीखत कोणीं मागितलें तर तें कदापि देऊं नये. दिलें गेलें असल्यास २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यान्वयें जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागतां येते. त्याच वर्षीं शेतकऱ्याकरितां परवानाधारक सावकाराचा दर तारणी कर्जास सालीना ९ व बिनतारणी कर्जास १२ टक्के ठरविण्यांत आला, आणि परवान्याशिवाय सावकारी करणें हा गुन्हा आहे, हेंहि लक्षांत ठेवावें.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, माफी येणारच आहे तर आम्हीं पोटास चिमटा कां घ्यावा? नियमित फेडणारास मागल्या माफ्यांत चुकल्यासारखें वाटलें, आणि तें वाटणें अगदींच गैर नव्हतें. पुढें त्यास ५०,००० रुपयांपर्यंतची प्रोत्साहनाची रक्कम द्यावी लागली ती त्यामुळेंच. पण माफीचा निर्णय कांहींहि होवो, सावकाराचा महिना त्यासाठीं थांबत नाहीं. ज्या कर्जावर माफीची आशाच नाहीं, निदान त्याची फेड आजपासून सुरू करण्यास अडचण कोणती? आणि पीककर्जाचें नवें-जुनें करण्यासाठीं मार्चअखेर आठ दिवसांकरितां सावकाराकडून पैसा आणण्याची जी खोड लागली आहे, ती मोडण्यास कापूस विकतांनाच भरण्याची रक्कम बाजूस काढून ठेवणें हाच उपाय आहे.

दुसरा आक्षेप: मोठ्या कंपन्यांचीं कोट्यवधींचीं कर्जें बँका निर्लेखित करतात, आणि आम्हांस मात्र खर्रा सोडा म्हणून सांगतां? हा राग न्याय्य आहे. तो सभेंत, मोर्च्यांत व मतपेटींत प्रकट झाला पाहिजे, आणि तेथें आम्ही आपल्याबरोबर आहों. परंतु रागावर व्याजाची सूट मिळत नाहीं. उलट, कर्जाच्या दडपणाखालीं असलेला शेतकरी कापूस येईल त्या भावानें विकतो आणि संत्र्याची बाग फूल असतांनाच व्यापाऱ्यास ठोक्यानें देऊन मोकळा होतो. भावासाठीं लढावयाचें तर चार दिवस माल थांबविण्याची ताकद हवी, आणि ती ताकद महाग कर्ज फिटल्याशिवाय येत नाहीं. म्हणून घरची काटकसर आणि बाहेरचा लढा हे एकमेकांचे वैरी नव्हेत.

एक अडचण मात्र एकट्या घरास निवारतां येत नाहीं, ती म्हणजे "लोक काय म्हणतील." एकानें साधें लग्न केलें तर त्याचें दिवाळें निघालें असें गांव म्हणतें, आणि मग त्यास उधारहि मिळेनासें होतें. दहा घरांनीं मिळून केलें तर ती रीत होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेंत साध्या व सामुदायिक विवाहाचा पुरस्कार केला तो याचकरितां. म्हणून आमची आपल्या संघाच्या सभासदांस सूचना आहे कीं, प्रत्येक गांवांत निदान दहा घरांनीं एकत्र बसून लग्न, तेरवी व आहेर यांच्या मर्यादा ठरवाव्यात, आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनीं त्या आधीं पाळाव्यात. सधन शेतकऱ्यानें थाट केला कीं गरिबावर त्याची सक्ती होते. हा त्याग कर्ज नसलेल्या घराचा आहे, आणि तो मागण्याचा आम्हांस अधिकार आहे असें आम्ही समजतों.

शेवटीं, करावयाचें काय तें थोडक्यांत. येत्या पाडव्याच्या रात्रीं जेवणें झाल्यावर घरच्या कर्त्यानें, मग तो पुरुष असो वा स्त्री, सर्वांस जवळ बसवावें. म्हातारी आई असावी, सून असावी, दहावींत शिकणारी मुलगी असावी. एका कागदावर चार रकाने आंखावे: कोणाचें देणें, मुद्दल किती, दर काय, तारण काय. कांहीं झांकूं नये. पीककर्ज मुदतींत फिरतें ठेवावें, आणि त्यापलीकडील प्रत्येक शिल्लक रुपया सर्वांत महाग कर्जास लावावा, असें ठरवावें. मग कर्त्यानें आपण काय सोडणार तें प्रथम सांगावें, आणि त्यानंतरच इतरांस विचारावें. जो जें सोडील तें त्याच्या नांवापुढें लिहावें, आणि खालीं मुदत घालावी. कारण ज्या त्यागास शेवट नाहीं तो कोणीहि फार दिवस करीत नाहीं. दर महिन्याच्या अमावास्येस तो कागद पुन्हा काढून किती उतरलें तें सर्वांस वाचून दाखवावें. वाचण्याचें काम त्या दहावींतल्या मुलीस द्यावें.

पहिल्या रात्रीं रडणें होईल, कदाचित् भांडणहि होईल. तें झालेलें पुरवलें. दुसऱ्या दिवशीं ओसरीवर घेणेकरी येईल तेव्हां कर्त्याच्या शेजारीं त्याची पत्नी बसलेली असेल, तिला आकडा ठाऊक असेल, आणि काय द्यावयाचें व केव्हां द्यावयाचें हें दोघेंहि एकच सांगतील.